स्क्वॉटमधून उठताना कंबर उजवीकडे सरकते

प्रश्न: दीड वर्ष जिमला जातोय. स्क्वॉट करताना, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना, ६० किलोपर्यंत काही वाटत नाही, पण ८० लावले की खालून उठताना कंबर उजवीकडे सरकते. भावाने मागून व्हिडिओ काढला तेव्हा कळलं. ट्रॅकपँटची मधली शिवण बारच्या मध्यापासून चांगली दोन बोटं उजवीकडे दिसते. दुसऱ्या दिवशी उजवी मांडी भरून येते, डावीला काहीच नाही. माझे पाय लहान-मोठे असतील का?

उत्तर: बऱ्याच जणांच्या पायांच्या लांबीत थोडा फरक असतो, लगेच तिकडे जाऊ नका. आधी घोटे बघा. पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. माझा डावा घोटा कॉलेजात कबड्डी खेळताना मुरगळला होता. तो पुरता वाकेना, म्हणून सगळा भार उजवीकडे जायचा. कंबरेचा दोष नव्हताच.

प्रश्नकर्ता: आत्ताच करून पाहिलं. डावी टाच उचलली जातेय!

उत्तर: मग वजन ६० वर आणा, मनाला लावून घेऊ नका. रोज घोटा ताणा. जोडीला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बैठक), सुरुवात डाव्या पायाने. डाव्याने ८ झाले तर उजव्यानेही ८च, ताकद असली तरी. मला तीन महिने लागले.

आणखी एक उत्तर: डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलताना) एक हात उलटा धरत असाल तर दर सेटला हात बदला. आणि पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर थांबा, फिजिओथेरपिस्टला दाखवा.