फिशरचा अंदाज आणि ऑसाझोनच्या सुया

कुणीतरी म्हणतं की जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने ग्लुकोजची रचना, म्हणजे रेणूतल्या अणूंची अवकाशातली मांडणी, अंदाजपंचे ठोकून दिली. हे अर्धंच खरं. १६ शक्य रचनांपैकी ग्लुकोजची कोणती, हे त्याने १८९१ मध्ये प्रयोग आणि तर्काच्या जोरावर काढलं, तेही क्ष-किरणांच्या शोधाआधी! अंदाज होता तो फक्त आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जोडीतली नेमकी कुठली, एवढ्यापुरता. १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञ बायफूटने क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा तोही बरोबर निघाला.

ठाण्यात बीएस्सीला आम्ही ऑसाझोन, म्हणजे साखरेपासून बनणारे पिवळे स्फटिक, करायचो. साखरेच्या द्रावणात फिनाइलहायड्राझिन घालायचं, परीक्षानळी उकळत्या पाण्यात ठेवायची, की पिवळ्या सुया दिसू लागायच्या. मायक्रोस्कोपखाली अगदी केरसुणी. ग्लुकोज, फ्रुक्टोज, मॅनोज तिघांच्या सुया सारख्याच, म्हणजे पहिले दोन कार्बन सोडले तर बाकी मांडणी एकच. फिशरच्या तर्काचा हा मोठा आधार. फिनाइलहायड्राझिनही त्यानेच १८७५ मध्ये शोधलेलं, आणि त्याच्याच विषाने पुढे तो आजारी पडला. आमचे लॅब असिस्टंट काका त्याची बाटली फ्यूम कपाटाबाहेर (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) काढू द्यायचे नाहीत ते उगाच नाही.

१९०२ चं रसायनशास्त्राचं नोबेल फिशरलाच मिळालं. एन्झाइमची कुलूप-किल्लीची कल्पनाही (कुलपात किल्ली बसावी तसा एन्झाइममध्ये ठरावीक रेणूच बसतो) त्याचीच, १८९४ ची. बायोकेमवाल्यांनी त्यावर जरा लिहा की!