राडा : चिखल, पसारा आणि मारामारी

'राडा' हा शब्द मारामारी किंवा दंगा या अर्थाने आज इतका रुळला आहे की तो मुंबईच्या गल्ल्यांतच जन्माला आला असावा, असे पुष्कळांना वाटते. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांत मात्र राडा म्हणजे चिखल. पावसाने वाटेवर राडा होतो, गोठ्यात राडा साचतो आणि तोच पायांबरोबर घरात आला की 'सगळी राडेराड झाली' असे म्हटले जाते. याच अर्थाचे 'राड' हे स्त्रीलिंगी रूपही मराठीत आहे.

मग या शब्दाला भांडणाचा अर्थ कोठून आला? संस्कृत कोशांत 'राटि' म्हणजे लढाई असा अर्थ दिलेला आहे. प्राकृतातील 'राडि', राजस्थानीतील 'राड' आणि हिंदीतील 'रार' हे भांडणवाचक शब्द त्याच कुळातले मानले जातात. मुंबईसारख्या बहुभाषिक शहरात त्यांचा संस्कार मराठी शब्दावर झाला असणे शक्य आहे. तरीही मला चिखलाकडून आलेली वाट अधिक पटते, कारण 'राड' आणि 'रार' हे शेजारभाषांतले शब्द स्त्रीलिंगी आहेत, तर मारामारीचा 'राडा' पुल्लिंगी आहे आणि हे पुल्लिंगी रूप चिखलाच्या अर्थाने मराठीत आधीपासून तयार होते. शिवाय या दोन अर्थांमधला दुवाही बोलण्यात जिवंत आहे: मुलांनी खोलीत 'राडा घातला' म्हणजे सगळ्या वस्तू अस्ताव्यस्त केल्या. चिखलाचा राडा आपोआप 'होतो', पण पसाऱ्याचा राडा कोणीतरी 'घालतो'. गोंधळ, धिंगाणा, हैदोस हेही घातलेच जातात, त्यामुळे कर्ता आल्यावर शब्द भांडणापर्यंत सहज पोहोचला असावा.

'राडारोडा' हा जोडशब्द महापालिकांच्या लिखाणात पडलेल्या बांधकामाच्या विटामातीसाठी येतो. त्यातील 'रोडा' म्हणजे विटेचा किंवा दगडाचा तुकडा, आणि 'राडा' येथे घाण-मातीच्या जुन्या अर्थाजवळच राहिला आहे, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

तरुणांच्या बोलण्यात आता 'तिने रंगमंचावर राडा केला' हे वाक्य निखळ कौतुकाचे असते. हा अर्थ कोशांनी उदाहरणासह नोंदवायला हवा, कारण नुसत्या 'दंगा' या प्रतिशब्दावरून त्या वाक्यातील दाद वाचकाला कळणार नाही.