बलून महोत्सवाला आई आणि लहान पोरांना घेऊन जावं का? (बेळगावहून)

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. संक्रांतीला पोल्लाचीच्या हॉट एअर बलून महोत्सवाला जायचं घरात ठरत आलंय. आम्ही पाच जण. आई 71 वर्षांची, गुडघे बोलतात. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. बलूनमध्ये खरंच बसायला मिळतं, की लांबून बघून परत? आईला टोपलीत चढता येईल का? आणि जायचं कसं? कुणी गेलं असेल तर सांगा.

खानापूरची सूनबाई
आम्ही दोन वर्षांमागं गेलो होतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बेंगळूर, तिथून कोइमतूरची गाडी, पुढं पोल्लाची चाळीसेक किलोमीटर. पोंगलला अख्खं तमिळनाडू घरी निघतं, त्यामुळं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं त्याच सकाळी करा. म्हणजे दिवाळीचा फराळ संपतोय तोवरच. आम्ही आठवडाभर उशीर केला आणि येताना बसनं आलो. त्या प्रवासाविषयी काही विचारू नका.

बसण्याचं म्हणाल तर दोन प्रकार असतात. एक मोकळं उड्डाण: वारा नेईल तिकडं, आणि उतराल तिथून जीप आणायला येते. दुसरा, दोरांनी बांधलेला बलून: चार-पाच मजले वर नेऊन काही मिनिटांत खाली. पोरांचा हट्ट पुरवायला दुसरा बरा.

आईंचं मात्र अवघड आहे. टोपलीला बहुतेक वेळा दारच नसतं. वेताच्या विणीत पाय रोवायला भोकं असतात, त्यांत पाय घालून कडेवरून आत उतरायचं. टेकताना दणका बसतो, गुडघे वाकवून उभं राहा म्हणतात. दुखऱ्या गुडघ्यांना ते सांगून काय उपयोग? आणि टोपलीची कड मोठ्या माणसाच्या छातीला येते. तुमच्या चार वर्षांच्या लेकीला आत उभं केलं तर तिला वेतच दिसेल. आमच्या धाकटीनं तर बर्नर पहिल्यांदा पेटला तशी पदरात तोंड खुपसलं. तो आवाज व्हिडिओत कळत नाही, अंगावर येतो. मोठ्या मुलाला टोपी घाला, डोक्याला झळ लागते.

पण खरी मजा खाली मैदानातच आहे. पहाटे अंधारात पोचा. कापड जमिनीवर अंथरलेलं असतं, मोठ्या पंख्यानं आधी गार हवा भरतात, मग आडवी ज्योत सोडतात, आणि देवळाएवढं धूड हळूहळू उठून उभं राहतं. आमच्या सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या गॅसात एका लग्नाचा स्वयंपाक झाला असता."

निपाणीवाला
वरचं सगळं बरोबर. माझी एकच भर: वारा. आम्ही एके ठिकाणी (नाव नको) पहाटे साडेचारपासून थंडीत बसलो. सात वाजता लाउडस्पीकरवर सांगितलं, वारा जास्त आहे, आज काही नाही. तिकिटाचे पैसे परत मिळवायला तीन महिने मेल करत होतो. त्यामुळं पैसे भरायच्या आधी रद्द झाल्यास काय, ते लेखी घ्या.

पायलटचा दोष नसतो हो. बलूनला सुकाणू नाही. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला असतो, तेवढ्यावर वरखाली करून दिशा साधायची. ऊन चढलं की जमीन तापून हवा उसळायला लागते, म्हणून सगळं पहाटेच. गारव्यात बलून चांगला उचलतो तो वेगळा फायदा. मुक्काम किमान दोन रात्रींचा धरा, म्हणजे एक पहाट वाया गेली तरी दुसरी हातात.

शहापूर कट्टा
काय ओ, फुगा बघायला नऊशे किलोमीटर जाऊलाय? आपल्याकडं जानेवारीत पतंग महोत्सव असतोय की. 😄

थट्टा सोडा. त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्या साखळीला गेलाय का कधी? बेळगावहून चोर्ला घाट उतरून पाऊणशे किलोमीटरवर. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी रात्री दिव्यांनी सजवलेल्या होड्यांची स्पर्धा असते. आम्ही गेलो तेव्हा वाफरही सोडत होते. वाफर म्हणजे कागदाचा मोठा फुगा, खाली तेलात भिजवलेला बोळा पेटवतात. चौघं कडा धरून उभे, आत हवा तापेपर्यंत कुणी बोलत नाही. फुगा हाताला ओढ द्यायला लागला की सोडायचा. तत्त्व तेच, फक्त माणूस खालीच राहतो. आणि बघायला गेलं तर मूळही तेच: फ्रान्सच्या माँगोल्फिए बंधूंचा घरचा धंदाच कागदाचा होता. 1783 ला त्यांनी आधी मेंढरू, बदक आणि कोंबडा वर पाठवला, माणूस नंतर.

टिळकवाडीकर
मुलाला हे वाचून दाखवलं. आता म्हणतोय, आज्जीच्या आधी कोंबडा पाठवूया.
साखळीचं डोक्यातच आलं नव्हतं. रात्री घाटातून परत येणं कसं?

शहापूर कट्टा
धुकं असतंय, आणि रस्ता कुठं कसा असेल सांगता येत नाही. पोरं घेऊन रात्री घाट चढू नका. साखळीत नाहीतर डिचोलीत राहा, सकाळी निघा. गर्दी होते, आईंसाठी एक फोल्डिंगची खुर्ची गाडीत टाका.

खानापूरची सूनबाई
खुर्चीला अनुमोदन. 🙂 आणि पोल्लाची रद्द करू नका, मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला एकट्याला घेऊन जा. तेव्हा मोकळ्या उड्डाणाची मजा आहे.

टिळकवाडीकर
ठरलं. कार्तिकात साखळी, सगळे मिळून. आई तयार आहे, अट एकच: खुर्ची नदीच्या काठाला लागली पाहिजे, मागच्या रांगेत बसणार नाही म्हणते. डिचोलीत घरगुती जेवणाची सोय असलेली खोली कुणाला माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.