शिफ्ट बदलताना निरोपाचा घोळ: उपाय काय?

प्रश्न: तोंडी निरोप अर्धवट पोचतो. काम एकतर दोनदा होतं, नाहीतर राहूनच जातं. काय करावं?

उत्तर १: "समजलं ना?" विचारू नका, उत्तर "हो"च येतं. ऐकणाऱ्याला सूचना परत म्हणायला लावा. वैमानिक कंट्रोलरने सांगितलेली उंची, धावपट्टीचा क्रमांक असाच परत म्हणतात. चूक तिथल्या तिथे पकडता येते. आकडे सुटे सांगा: "एक-पाच", नुसतं "पंधरा" नको.

उत्तर २: वहीत नोंदवा: काय झालं, काय अर्धवट आहे, कोण करणार, कधीपर्यंत. "लवकर" नको, "बुधवारी ११ वाजता" लिहा. आणि एकाच माणसाचं नाव! "आपण बघू" म्हणजे कोणीच बघत नाही.

उत्तर ३: ग्रुपवरची निळी खूण म्हणजे वाचलं, मान्य केलं नव्हे. सूचना बदलली तर जुनी रद्द झाल्याचंही कळवा. बहुतेक गोंधळ तिथेच होतो.