फुग्याखालून २० किमीवर ग्लायडर सोडायचा आहे: हेलियम किती, सुटका कशी?

फोमवाला_पुणे: १.१ किलोचा फोमचा ग्लायडर आहे, जमिनीलगत स्टॉल (ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग) १० मी/से. १२०० ग्रॅमच्या लॅटेक्स फुग्याखाली बांधून २० किमीवर सोडायचा आणि ऑटोपायलटने निघाल्या जागी परत आणायचा बेत आहे. जानेवारीत, शिरूरजवळच्या माळावरून. हेलियम किती भरू? सुटल्यावर गरगरू नये म्हणून काय करावं?

विरळहवा: २० किमीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ७ टक्के. म्हणजे तुमचा १० चा स्टॉल तिथे ३७ मी/से होतो. शेपटीकडून टांगा, म्हणजे सुटतानाच नाक खाली असेल. आधी पंख सपाट, मग वेग आल्यावर हळूच नाक वर. यात ४००-५०० मीटर उंची जाणार हे धरूनच चाला. घाईने एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) ओढलात की पुन्हा स्टॉल, आणि तिथून गिरकी. डॅम्पिंगही (डुलणं शमवणारा हवेचा विरोध) पाव उरतं, त्यामुळे खाली बसवलेले गेन (ऑटोपायलट किती जोराने दुरुस्ती करतो ते आकडे) वर जास्त पडतात नि विमान डुलत राहतं. पिटो ट्यूब (हवेच्या तुलनेतला वेग मोजणारी नळी) हवीच. जीपीएसच्या वेगावर पंख सांभाळता येत नाहीत.

आर्डूपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑल्टिट्यूड वेट’ ही मिशन कमांड नेमकी याचसाठी आहे. ठरावीक उंची आली किंवा फुगा आधीच फुटून खाली येऊ लागला, तर पुढची कमांड सुरू होते. तिचा ‘विगल’ (सर्वो अधूनमधून हलवणं) चालू ठेवा, नाहीतर थंडीत सर्वो, म्हणजे फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटर, आखडतात.

सिलिंडर_भाऊ: ग्लायडर, पॅराशूट, दोरी, ट्रॅकर मिळून १.५ किलो, फुगा १.२, वर १.२ किलो जादा उचल. साधारण ४ घनमीटर हेलियम. मोजमाप सिलिंडरच्या काट्यावर नको; फुग्याच्या मानेला ताणकाटा लावून २.७ किलो ओढ बघा (१.५ अधिक १.२ जादा; फुगा स्वतःचं वजन उचलतोच). चढ ५ मी/सेच्या आसपास, म्हणजे तासाभराहून थोडं जास्त. दोरीला पीळ पडू नये म्हणून मासेमारीचा स्विव्हल (फिरती कडी) घाला. दोरी नायक्रोमच्या (विजेने तापणाऱ्या) तारेने कापणार असाल तर तिची बॅटरी वेगळी ठेवा.

घाटमाथा: परत आणायचं मात्र विसरा. जानेवारीत १०-१२ किमीवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. पिटोवर १३ मी/से दाखवणारा तुमचा ग्लायडर तिथल्या विरळ हवेत खरा २२ ते २६ ने जातो. वारा त्याहून जास्त असला तर विमान मागेच सरकेल. पूर्वेकडची मोकळी शेतं उतरायला निवडा. पावसाळ्यात उलट, वरचा वारा फुगा घाटाकडे नेतो.

यू-ब्लॉक्स कंपनीचा जीपीएस असेल तर ‘एअरबोर्न’ मोडमध्ये टाका. मूळ सेटिंग १२ किमीनंतर दगा देतं. १६-१७ किमीवर उणे ७५ अंश असतात, बॅटरी थर्माकोलच्या डब्यात घाला.

आणि ड्रोन नियम २०२१ मधली ग्रीन झोनची (परवानगीविना उडवता येणाऱ्या भागाची) मोकळीक १२० मीटरपर्यंतच आहे. शिवाय पुणे विमानतळाची, म्हणजे लोहगावची, धावपट्टी हवाई दलाची. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण) लेखी परवानगी हातात आल्याशिवाय हेलियम आणू नका.