हेडफोनमध्ये जुळतं, फेडर वर केला की बोंबलतं (विनाइल बीटमॅचिंग)

ठेका_चुकला
मंडळी मदत पाहिजे. चार महिने झाले विनाइलवर (म्हणजे तबकड्यांवर) बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचा ठेका जुळवून एकातून दुसऱ्यात जाणं, शिकतोय, घरीच, शिकवणारं कोणी नाही. एक टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०, डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट चकती फिरवते), दुसरं जुनं बेल्टवालं (मोटर पट्ट्याने फिरवते), विकणाऱ्याने "सेम टू सेम आहे" म्हणून गळ्यात मारलं, मध्ये दोन चॅनलचा साधा मिक्सर. हाऊस म्युझिकच्या सात-आठ बारा इंची रेकॉर्ड आहेत, १२० ते १२६ बीपीएमच्या (मिनिटाला तेवढे ठोके), बाकी सगळ्या घरातल्या जुन्या हिंदी एलपी.

तर होतं असं की एका कानाला हेडफोन लावून नवीन रेकॉर्ड चालू असलेल्या गाण्याशी जुळवतो, मस्त बसते, आठ-दहा सेकंद तशीच राहते, मग खुशीत फेडर (नवीन रेकॉर्डचा आवाज स्पीकरवर आणणारी पट्टी) वर करतो आणि खोलीत नुसता धिंगाणा, दोन किक (बेस ड्रमचे ठोके) एकामागोमाग टडम्-टडम्. परवा आईने खालून विचारलं काय पाडलंस रे. तबला तीन वर्षं शिकलोय त्यामुळे लय कळत नाही असं मानायला मन तयार नाही. कान खराब आहे का माझा? आणि नवीन रेकॉर्ड फास्ट आहे की स्लो हे तुम्हाला पटकन कसं कळतं, मला फक्त "चुकतंय" एवढंच कळतं.

वरातवाला_नाशिक
भावा कान ठीक आहे तुझा. तबला शिकलायस ना, मग एवढं धर की लय वेगळी आणि सम वेगळी. पिच स्लायडरने, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या पट्टीने, लय जुळते, बोटाने सम जुळते. नवीन पोरं सम चुकली की पिच हलवतात आणि लय चुकली की बोटाने ढकलत बसतात, मग दोन्हीचा चिवडा होतो.

फास्ट का स्लो हा अंदाज करायचाच नाही सुरुवातीला. नवीन रेकॉर्डचा पिच मुद्दाम इतका कमी ठेव की ती स्लो आहे यात शंकाच नको. किकवर किक सोड, ती मागे पडायला लागेल, मधला स्पिंडल चिमटीत धरून हलकंच पुढे फिरव आणि पिच थोडा वाढव. परत मागे पडेल, परत ढकल, परत वाढव, दर वेळी मागे पडायला जास्त वेळ लागेल. कधीतरी ती उलट पुढे पळेल, मग प्लॅटरच्या (फिरणाऱ्या चकतीच्या) कडेला बोट टेकवून ब्रेक मार आणि शेवटी जेवढा वाढवला होता त्याच्या निम्मा परत घे. आणि हो, टेक्निक्सच्या टर्नटेबलवर प्लस आपल्या पोटाकडे असतो, "पिच वर कर" म्हणून कोणी सांगितलं तर वर म्हणजे कुठे ते आधी विचार, मी यात दोन महिने घालवलेत.

आठ-दहा सेकंदावर खुश नको होऊ. १२५ बीपीएमला एक बीट ०.४८ सेकंदाची, पिच अर्धा टक्का चुकला तर १६ बीटमध्ये, म्हणजे पावणेआठ सेकंदात, रेकॉर्ड ३८ मिलिसेकंद सरकते आणि किक जाड, फाटल्यासारखी ऐकू येते. चूक ०.१ टक्का असेल तर तेवढंच सरकायला ३८ सेकंद लागतात. म्हणून निदान ६४ बीट ऐक हात न लावता.

गप_बस_रे
कंट्रोलर घे, सिंक दाब, तो आपोआप जुळवतो, झोप.

काळी_एक
☝️ हे येणारच होतं, प्रत्येक धाग्यावर येतं.

ठेका, त्या हिंदी एलपी तूर्त बाजूला ठेव. त्यात ड्रम, ढोलक, कोंगो सगळं माणसांनी वाजवलेलं, मुखड्यात असलेली लय अंतऱ्यानंतर तीच राहील याची गॅरंटी नाही, तू बरोबर जुळवलंस तरी गाणंच सरकतं आणि तू स्वतःला शिव्या घालत बसतोस. तसं बघितलं तर न्यू यॉर्कला सँक्च्युअरी क्लबात फ्रान्सिस ग्रासो १९७० च्या आसपास असल्याच माणसांनी वाजवलेल्या रेकॉर्ड जुळवायचा, पण तो अख्खी मिक्सभर हात ठेवून असणार, आपण आधी ड्रम मशीनवाल्या रेकॉर्डवर शिकावं. शक्य असेल तर एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी घे, मी बर्लिनला आले तेव्हा दोन-दोन युरोच्या डब्यातून अशाच घेतल्या होत्या. गाणं ऐकायचं काम उरत नाही, फक्त सरकणं ऐकू येतं.

बेल्टवाल्यावर बोट लावलं की बेल्ट ताणतो आणि प्लॅटरला परत स्पीडला यायला वेळ लागतो, म्हणून ते चालू गाण्यासाठी ठेव आणि जुळवायचं काम कायम एलपी१२० वर कर. एकाच दिशेने मिक्स करता येईल, पण शिकायला चालतं. डीजे लोक टेक्निक्स एसएल-१२०० च्या मागे लागले ते याच डायरेक्ट ड्राइव्हमुळे, १९७२ मध्ये ते खरं तर घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी आलं होतं, पिचचा लांब स्लायडर १९७९ च्या एमके२ मध्ये मिळाला. त्याची रेंज प्लस-मायनस ८ टक्के, म्हणजे १२० ची रेकॉर्ड साधारण ११० ते १३० मध्येच फिरते. पिच ६ टक्के वाढवला की पट्टी पण जवळजवळ अर्धा सूर (सेमीटोन) चढते, पेटीवरच्या पांढरी एकचं गाणं काळी एकला जातं. बीट जुळूनही गाणी भांडत असतील तर हे बघ. (माझं नाव यावरूनच आहे.)

सोल्डरवाला
सगळं बरोबर आहे पण मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. दोन गोष्टी सांग. फेडर वर केल्यावर गोंधळ हळूहळू वाढतो की पहिल्या किकपासून असतो? आणि स्पीकर कोणता?

ठेका_चुकला
पहिल्या किकपासून, आणि नंतर तेवढाच राहतो. आता लक्ष दिलं तर दर वेळी नवीन रेकॉर्डच मागे असते. स्पीकर ब्लूटूथचा, मिक्सरच्या आउटपुटला छोटा ट्रान्समीटर लावलाय, वायर भिंतीवरून ओढायची नव्हती.

सोल्डरवाला
झालं 😂

लय चुकली असती तर गोंधळ वाढत गेला असता. तुझी लय बसलेली आहे, सम सरकवतोय तो स्पीकर. ब्लूटूथमध्ये आवाज सहज १५०-२०० मिलिसेकंद उशिरा येतो, तुझ्या एका बीटचा तिसरा हिस्सा धर. हेडफोन वायरचा, तो लगेच वाजतो. तू उशिरा आलेल्या गाण्याशी नवीन रेकॉर्ड बसवतोस, म्हणजे खरी रेकॉर्ड तेवढीच मागे ठेवतोस. फेडर वर केलास की दोन्ही त्याच ब्लूटूथमधून जातात, दोघींना सारखाच उशीर, आणि तू घातलेला फरक उघडा पडतो. चार महिने तू अचूक चूक करतोयस.

खात्री करायची तर मिक्सरवर क्यू-मास्टरचा नॉब (हेडफोनमध्ये नवीन आणि चालू गाणं किती-किती ऐकू येईल ते ठरवणारा) असेल तो मध्ये आण, दोन्ही रेकॉर्ड हेडफोनमध्येच जुळव, स्पीकरकडे लक्षच देऊ नको. मग वायर आण. स्पीकर जवळ पण ठेव, दहा फुटांवरून आवाज यायला ९ मिलिसेकंद लागतात, त्याने बिघडत नाही पण क्लबमध्ये डीजेच्या कानाशी वेगळा मॉनिटर (स्पीकर) असतो तो यासाठीच.

वरातवाला_नाशिक
च्यायला, हे मी पहिलं विचारायला पाहिजे होतं. आमच्याकडे हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या टॉपवर (स्पीकरवर) ऐकून मिक्स मारणारा एक पोरगा होता, त्याचं रोज हेच व्हायचं, त्याला आम्ही पथकातला उशिरा ढोल मारणारा म्हणायचो.

ठेका_चुकला
अपडेट. तीन मीटरची वायर आणली, दाराखालून घेतली. काल रात्री एक मिक्स पूर्ण मिनिटभर टिकलं!!! मग सरकलं, पण हळूहळू सरकलं, आणि कुठल्या बाजूला ते चक्क कळलं, नवीन रेकॉर्ड पुढे पळत होती. कडेला बोट लावलं, पिच केसभर कमी केला, परत बसली. चार महिने मी स्पीकरशी भांडत होतो.

आता एक बारीकशी अडचण, एलपी१२० वर रेकॉर्ड हाताने धरून ठेवली की प्लॅटर पण मंदावतं, सोडल्यावर पहिली किक ओढल्यासारखी निघते. नवीन स्लिपमॅट (रेकॉर्डखालचं घसरतं मॅट) घेऊ का?

काळी_एक
थांब, पैसे नको घालवू. स्लिपमॅटएवढा बटर पेपर गोल काप, मध्ये स्पिंडलपुरतं भोक पाड आणि मॅटच्या खाली घाल. आणि ते मूळचं जाड रबरी मॅट काढलंयस ना आधी?

ठेका_चुकला
...नाही