मदत हवी आहे: वसंतसंपाताच्या प्रश्नाची शब्दरचना

दादरला आठवी-नववीच्या मुलांसाठी प्रश्नमंजूषा आहे. ऋतू, इतिहास आणि रहस्यकथा या फेऱ्या तयार आहेत. अडलंय ते अवकाश फेरीतल्या एका प्रश्नावर: "वसंत ऋतूत दिवस-रात्र समान कधी असतात?" आमच्या जुन्या संचात उत्तर '२१ मार्च' आहे आणि ते दोन ठिकाणी चुकतं.

एक, तारीख. भारतीय वेळेनुसार संपात (सूर्य थेट विषुववृत्तावर येतो तो क्षण) २०२३ मध्ये २१ मार्चला पहाटे २:५४ ला झाला, २०२४ मध्ये २० मार्चला सकाळी ८:३६ ला. दुसरी चूक जास्त मोठी. संपाताच्या दिवशी मुंबईत दिवस सुमारे १२ तास ७ मिनिटांचा असतो, कारण उदय-अस्त सूर्याच्या वरच्या कडेवरून मोजतात आणि वातावरणातल्या अपवर्तनामुळे (प्रकाश वाकल्यामुळे) बिंब सुमारे ३४ कला (६० कला म्हणजे एक अंश) वर उचललेलं दिसतं. म्हणजे खरी समानता इथे सहा-सात दिवस आधीच येऊन जाते. दिल्लीत साधारण चार-पाच दिवस आधी.

"सूर्य विषुववृत्तावर कधी येतो?" असं विचारून पाहिलं. तारखेचा घोळ तसाच राहिला. '२० किंवा २१' दोन्ही मान्य केलं की परीक्षकांत वाद होतो. प्रश्न वगळायचा नाही, कारण पाठ्यपुस्तकी समज दुरुस्त करायची ही चांगली संधी आहे.

पर्याय देता येत नाहीत, वेळ ३० सेकंद, उत्तर तोंडी. तारीख न विचारता, एकच निर्विवाद उत्तर येईल असा हा प्रश्न नेमका कसा मांडावा?